क्रियापद हरवले की हत्यार चुकते

मराठीच्या प्राध्यापकाने ॲम्प्लिफायरच्या बोर्डावर पितळी टरेट बसवण्याच्या हत्यारांविषयी लिहावे, हे अनेकांना विषयांतर वाटेल. ते विषयांतर नाही, असे मला येथे मांडायचे आहे. परिभाषेचा प्रश्न आपण चर्चासत्रांतून वर्षानुवर्षे चघळत आलो आहोत. पण ती चर्चा बहुधा कार्यालयीन पत्रव्यवहार, न्यायालयीन निकालपत्रे आणि विद्यापीठीय पाठ्यपुस्तके यांच्याभोवतीच घुटमळते. समोर हत्यार मांडून काम करणाऱ्या माणसाला कोणती मराठी लागते, हा प्रश्न तिथे क्वचितच उपस्थित होतो. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: कारागिरीच्या भाषेत नाम उसने घेतले तरी काही बिघडत नाही, क्रियापद मात्र हरवले, की हातात चुकीचे हत्यार येते.

या विचाराला निमित्त झाले ते एका माजी विद्यार्थ्याचे. मराठी घेऊन बी. ए. झालेला हा तरुण आता शहराच्या कडेला एका छोट्या गाळ्यात व्हॉल्व्हचे गिटार ॲम्प्लिफायर हाताने बांधतो. त्याच्याकडे मराठी माध्यमातून शिकून आयटीआय केलेले दोन मदतनीस आहेत. त्यांच्यासाठी त्याने कामाची एक मराठी पुस्तिका लिहायला घेतली आणि तो अडला. इंग्रजी मार्गदर्शिकेत चार वेगवेगळी क्रियापदे होती: स्टेक, स्वेज, फ्लेअर आणि रोल. त्याने चारही ठिकाणी एकच वाक्य लिहिले होते, ‘रिव्हेट मारा’. मदतनिसांनी ते वाचले आणि हातोडी उचलली. पहिल्या बोर्डावरच्या निम्म्याहून अधिक टरेटच्या कडा फाटल्या. ‘सर, शब्द द्या,’ असे म्हणत तो आला होता. त्याला हवे होते नाम. पण त्याची अडचण नामाची नव्हती, हे त्या फाटलेल्या कडा पाहिल्यावर ध्यानात आले.

ज्यांनी टरेट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे वर्णन आवश्यक आहे. टरेट म्हणजे पितळेची, बोटाच्या नखाएवढी लहान खुंटी. तिला वर डोके असते, मध्ये गोल खाच असते, खाली बोर्डावर टेकणारा रुंद खांदा असतो आणि खांद्याखाली पोकळ शेपूट असते. हे शेपूट बोर्डाच्या भोकातून पलीकडे काढायचे आणि त्याची कड बाहेर पसरवून खुंटी जागच्या जागी घट्ट करायची. मग रेझिस्टर आणि कपॅसिटर यांच्या तारा वरच्या खाचेभोवती गुंडाळून झाळायच्या. छापील सर्किटाचे बोर्ड सर्रास होण्याआधी ॲम्प्लिफायर अशा रीतीने बांधले जात. अमेरिकेतील फेंडर कंपनी १९५० आणि १९६०च्या दशकांत फायबरच्या बोर्डात आयलेट, म्हणजे पितळी डोळे बसवी; इंग्लंडमध्ये हायवॉटने टरेटची पद्धत नावारूपाला आणली. हातबांधणीचे ॲम्प्लिफायर करणारे आजही ती पाळतात, कारण अशा बोर्डावरचा कोणताही भाग काढून पुन्हा बसवता येतो. दुरुस्तीला वाव ठेवणारी ही रचना आहे.

टरेटवर कथलाचा मुलामा असतो. आपल्या घरातल्या पितळी पातेल्याला कल्हई असते, तीच ही गोष्ट. पातेल्यातली कल्हई आंबट पदार्थ कळकू नये म्हणून, आणि टरेटवरची कल्हई झाळ नीट धरावी म्हणून. नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील पसरवणारा कल्हईवाला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना झाळकामातील अर्धे शास्त्र वेगळे शिकवावे लागत नाही. स्वच्छ धातू, पुरेशी उष्णता, मळ खाणारा क्षार आणि मग पसरणारे कथील, हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे.

आता हत्यारांकडे वळू. येथे एक नव्हे, चार निवडी कराव्या लागतात.

पहिली निवड भोकाची. बोर्ड साधारण ३ मिलिमीटर जाडीचा, काच आणि इपॉक्सीचा किंवा जुन्या पद्धतीच्या बेकेलाइटचा असतो. भोक टरेटच्या शेपटाला जेमतेम सामावून घेईल एवढेच हवे. सैल भोकात टरेट तिरका बसतो आणि कड एकाच बाजूला पसरते. काचेच्या बोर्डावर साध्या पोलादाचे ड्रिल लवकर बोथट होते. कार्बाइडचे टिकते, पण ते ठिसूळ असते. हातात धरलेल्या ड्रिल मशीनचा जरासा तोल गेला की कडकन मोडते. म्हणून कार्बाइड घ्यायचे असेल, तर उभे ड्रिल स्टँडही घ्यायला हवे. काचेची धूळ फुप्फुसांत जाऊ नये म्हणून तोंडावर मास्क हवा. हत्यारांच्या यादीत तो सहसा नसतो, पण असायला हवा.

दुसरी निवड ऐरणीची. टरेट उलटा करून ज्यावर टेकवायचा, तो पोलादी ठोकळा किंवा दांडा म्हणजेच या कामातील ऐरण. तिच्यात टरेटचे डोके मावेल असा खळगा हवा, आणि तो डोक्याच्या उंचीपेक्षा किंचित खोल हवा. म्हणजे दाब येतो तो रुंद खांद्यावर, नाजूक डोक्यावर नव्हे. खळगा उथळ असेल तर खाच चेपते आणि खुंटी वाकडी होते. सपाट लोखंडावर टरेट ठेवून ठोकणारा येथेच फसतो. अशी ऐरण तयार मिळाली नाही, तर एखाद्या टर्नरकडून लेथवर करून घेता येते. भोसरी-पिंपरीच्या औद्योगिक पट्ट्यात हे अवघड नाही. टर्नरला नमुन्याचा टरेट हातात द्यावा. कागदावरच्या आकृतीपेक्षा नमुना अधिक बोलतो.

तिसरी निवड पंचाची. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात सेंटर पंच मिळतो आणि काम भागेल असे वाटते. पण अणकुचीदार टोक शेपटाच्या पोकळीत खोल शिरते, कडेला बाहेर वळवण्याआधी नळीलाच आतून ताणते आणि भोकाभोवतीचा बोर्ड तडकवते. काचेच्या बोर्डावर अशा वेळी पांढरट वलय उमटते, तेव्हा आतले थर सुटलेले असतात. त्यासाठी पंच पसरट कोनाचा आणि गुळगुळीत टोकाचा हवा. पहिल्या पंचाने कड कर्ण्यासारखी उघडायची आणि दुसऱ्या, सपाट किंवा किंचित खोलगट पंचाने ती बोर्डाकडे मुडपायची. दोन कृती, दोन पंच. एकाच पंचात दोन्ही उरकण्याचा मोह आवरला, तर निम्मी फाटाफूट टळते.

चौथी निवड बळाची, आणि वाद होतो तो येथेच. हातोडी स्वस्त आणि सर्वांपाशी असते. पण लहानशा ॲम्प्लिफायरलाही चाळीस-पन्नास टरेट लागतात आणि चाळिसावा ठोका पहिल्यासारखा पडत नाही. उभ्या ड्रिल मशीनच्या चकमध्ये पंच पकडून, वीज तोडून, केवळ दांड्याने दाबले की दाब सरळ रेषेत येतो आणि हाताला त्याचा अंदाज राहतो. हाताने ओढायचा छोटा प्रेस त्याहून चांगला. मात्र एक-दोन ॲम्प्लिफायरसाठी तो विकत घेणे परवडत नाही. बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात असा प्रेस कधीमधी दिसतो. घेण्याआधी त्याचा दांडा डुगडुगत नाही ना, हे पाहावे. एकच संच करायचा असेल, तर नीट केलेली ऐरण, दोन पंच आणि हलकी हातोडी पुरेशी आहे. दहा करायचे असतील, तर ड्रिल स्टँड किंवा प्रेस. खर्च करायचाच असेल, तर तो आधी ऐरणीवर आणि पंचावर करावा आणि मग बळाच्या यंत्रावर. चांगल्या पंचामागे साधी हातोडी चालते. वाईट पंच महागड्या प्रेसमध्ये बसवला, तरी कडा फाडतोच.

या चार निवडींचे वर्णन करताना मला कोणती क्रियापदे वापरावी लागली, तिकडे आता वाचकांनी लक्ष द्यावे. ओवणे, टेकवणे, उघडणे, मुडपणे, दाबणे, चेपणे, ठोकणे. यांतले एकही मी घडवलेले नाही. प्रत्येक क्रियापद हाताच्या वेगळ्या हालचालीचे नाव आहे आणि प्रत्येकासोबत त्याचे हत्यारही जणू ठरलेले आहे. ‘ठोका’ म्हटले की हात हातोडीकडे जातो. ‘दाबा’ म्हटले की प्रेसकडे जातो. ‘मुडपा’ म्हटले की अणकुचीदार टोक आपोआप बाद होते, कारण टोकाने काही मुडपता येत नाही. हत्यार कोणते, हे क्रियापदातच निम्मे ठरलेले असते. ‘रिव्हेट मारा’ या वाक्यातील ‘मारणे’ने मात्र चार निवडींपैकी एकीविषयीही काही सांगितले नाही, उलट हातोडी उचलण्याची चुकीची खूण दिली.

या यादीत आणखी एक क्रियापद मी मुद्दाम मागे ठेवले होते. कसबा पेठेतील तांबट आळीत पेशवाईपासून तांब्या-पितळेचे काम चालत आले आहे. घडवलेल्या भांड्याच्या पृष्ठभागावर हातोडीचे सारख्या अंतराने, सारख्या वजनाचे ठोके देत जाणे, याला तेथे मठारणे म्हणतात. त्या कामाला मठारकाम. भांड्याच्या अंगावर दिसणारे ते लहान-लहान चकचकीत ठसे म्हणजे केवळ नक्षी नव्हे. ठोक्यांनी धातू कठीण होतो आणि भांड्याला बळकटी येते. ठोकणे आणि मठारणे यांत हत्यार एकच आहे, हातोडी. वेगळा आहे तो हात. ज्याच्याकडे प्रेस नाही, त्याने टरेट ठोकायचा नाही, मठारायचा आहे: पंच किंचित फिरवत, हलक्या, सारख्या ठोक्यांनी कड सगळीकडून एकसारखी मुडपत न्यायची. तांबटाच्या कामात आणि या कामात एक फरक मात्र आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. ठोके खाऊन धातू कडक झाला की तांबट भांडे भट्टीत तापवून पुन्हा नरम करून घेतो. टरेटला ती सोय नाही, कारण कथील २३२ अंश सेल्सियसलाच वितळते आणि मुलामा जातो. म्हणून पाच-सहा ठोक्यांतच काम आटोपले पाहिजे. ज्याला ‘मठारणे’ ठाऊक आहे, त्याला ही मर्यादा एका वाक्यात समजावता येते. ज्याला ते ठाऊक नाही, त्याला आधी परिच्छेदभर समजावावे लागते.

मग प्रश्न असा येतो, की मराठीत हे सारे असताना एका मराठीच्या पदवीधराला ते का सुचले नाही? याचे उत्तर आपण शिकवतो त्या मराठीत आहे. आपल्या परिभाषानिर्मितीची परंपरा मोठी आहे, पण ती नामांची परंपरा आहे. शिवकालीन राज्यव्यवहारकोशाने फारसी-दख्खनी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ते पदार्थांचे, पदांचे, शस्त्रांचे, म्हणजे नामांचेच पर्याय होते. सावरकरांच्या भाषाशुद्धीतून रूढ झालेले शब्द आठवून पाहा: महापौर, दिग्दर्शक, चित्रपट. पुन्हा नामेच. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले आणि परिभाषा कोशांचे मोठे काम उभे राहिले. त्या कामाचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्या कोशांतही क्रिया येते ती बहुधा नाम होऊन: प्रसरण, संपीडन, विरूपण. ‘प्रसरण करावे’ असे वाचून हाताला काय कळणार? परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत तो शब्द शोभेल. ऐरणीपाशी तो मुका आहे.

याउलट, जुन्या कोशकारांनी कारागिरांच्या बोलीकडे पाठ फिरवली नव्हती. मोल्सवर्थचा कोश १८३१ सालचा, सुधारलेली आवृत्ती १८५७ची. त्यात सुतार, लोहार, सोनार यांच्या कामाचे शब्द मुबलक आहेत. दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात याच पुण्यात निघाले आणि त्यांनीही ही संपत्ती सांभाळली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ने १९१५ साली अलुते-बलुतेदारांचे कामकाज मराठी गद्याच्या कक्षेत आणले. शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली सुरू केलेल्या ‘किर्लोस्कर खबर’चा जन्मच कारखान्याच्या आवारात झाला. म्हणजे हत्यारांविषयी चांगले मराठी गद्य लिहिता येते, हे सिद्ध करण्याची गरज नाही. मधल्या काळात आपण, साहित्याच्या लोकांनी, तो प्रांत सोडून दिला.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सोल्डर, रेझिस्टर, कपॅसिटर, बोर्ड हेच शब्द चालतात. तिथे शुद्ध मराठीचा आग्रह हास्यास्पद ठरेल. मला हे पूर्ण मान्य आहे. या लेखातही मी टरेटला टरेटच म्हटले आहे. ‘बुरुजी अग्र’ असा काही प्रतिशब्द घडवला, तर दुकानदार हसेल आणि त्याचे हसणे योग्यच असेल. ज्याला वर्णनासाठी शब्द हवा, त्याला ‘खुंटी’ आहेच. सतारीच्या खुंटीला तार गुंडाळतात, टरेटलाही गुंडाळतात. नाम उसने घेतल्याने ज्ञान अडत नाही, कारण वस्तू समोर दिसते आणि बोट दाखवता येते. क्रियेकडे बोट दाखवता येत नाही. ती करून तरी दाखवावी लागते, नाहीतर नेमक्या क्रियापदाने सांगावी लागते. ‘स्वेज करणे’, ‘फ्लेअर करणे’ असे म्हणताना आपण इंग्रजी क्रियापदाचे नाम करून त्याला ‘करणे’ जोडतो. हालचालीचा जो अर्थ मूळ भाषकाला त्या शब्दात ऐकू येतो, तो मराठी कानापर्यंत पोहोचतच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे काम तंत्रशिक्षणाचे, साहित्याच्या विभागाने त्यात का पडावे? याला माझे उत्तर असे की, क्रियापदांचे सूक्ष्म भेद ओळखणे हे आपलेच काम आहे. कवितेत ‘उमलणे’ आणि ‘फुलणे’ यांतील फरकावर आपण तासभर बोलतो. मग ‘मुडपणे’ आणि ‘दुमडणे’, ‘दाबणे’ आणि ‘चेपणे’ यांतील फरक आपल्या कक्षेबाहेरचा कसा? शिवाय येथे चुकीची किंमत केवळ गुणांत मोजली जात नाही. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये ३०० ते ४०० व्होल्टचा दाब सर्रास असतो आणि वीज बंद केल्यावरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ राहतो. सैल टरेट झाळताना हलतो, सांधा कच्चा राहतो. मग स्पीकरमधून खरखर येते, आणि ती कुठून येते हे शोधायला कोणीतरी त्या दाबाच्या आसपास हात घालते. सूचना नेमकी नसेल, तर तिचा भुर्दंड सूचना लिहिणाऱ्याला पडत नाही. तो काम करणाऱ्याच्या हाताला पडतो. आणि मराठी माध्यमातून आलेली मुले आज बहुतांशी या काम करणाऱ्यांच्या बाजूला आहेत.

हत्यार आणि वाद्य यांचा संबंध महाराष्ट्राला नवा नाही. मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले; त्या वाद्यांची परंपरा एकोणिसाव्या शतकात सुरू केली ती शिकलगारांनी, म्हणजे शस्त्रांना धार लावणाऱ्या घराण्याने. शस्त्रांचे दिवस सरले तेव्हा त्यांच्या हातातले कौशल्य तारांकडे वळले. ॲम्प्लिफायर बांधणारा तरुणही वाद्यच घडवतो आहे, कारण गिटारचा आवाज निम्मा तरी तिथे तयार होतो. त्याला तांबटाचे क्रियापद लागावे, यात मला काहीच विचित्र वाटत नाही.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यानिमित्ताने प्राचीन ग्रंथ, शिलालेख, हस्तलिखिते यांच्या अभ्यासाला बळ मिळणार असेल, तर ते स्वागतार्हच आहे. माझी सूचना त्याला जोडून एवढीच आहे, की एम. ए.च्या दरवर्षीच्या प्रकल्पांपैकी दोन-चार तरी क्रियापदांच्या संकलनाचे असावेत. एक विद्यार्थिनी तांबट आळीत बसेल, एक विद्यार्थी भोसरीच्या लेथपाशी उभा राहील, तिसरा तपकीर गल्लीतल्या दुरुस्तीच्या टेबलापाशी. प्रत्येक क्रियापदापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: हाताची हालचाल, हत्यार, आणि ती हालचाल चुकली तर काय बिघडते. ही तिसरी नोंद आपल्या कोशांत सहसा नसते; कारागिराला सर्वांत आधी तीच लागते.

त्या तरुणाच्या पुस्तिकेतील परिच्छेद आम्ही दोघांनी मिळून पुन्हा लिहिला. तो येथे देतो. हे गद्य नेमके आहे की नाही, हे वाचकांनीच ठरवावे.

‘टरेट भोकात ओवा. बोर्ड उलटा करून टरेटचे डोके ऐरणीच्या खळग्यात बसवा. खांदा ऐरणीवर टेकलेला हवा. पसरट पंचाने शेपटाची कड कर्ण्यासारखी उघडा. पंच बदला आणि सपाट पंचाने कड बोर्डाकडे मुडपा. प्रेस असेल तर दाबा. हातोडी असेल तर ठोकू नका, मठारा. सहा ठोक्यांपेक्षा जास्त नाही. चिमट्याने टरेट फिरवून पाहा. फिरला तर कड आणखी मुडपा. कड शेपटापर्यंत चिरली असेल, तर टरेट काढून टाका आणि नवा घ्या.’